पाणी दिसलं म्हणून

बिराप्पाने उभ्या आयुष्यात एकच काम मन लावून केलं. ते म्हणजे पुढे जाणं. ऐकायला हे फार मोठं वाटतं, पण तसं काही नाही. जत तालुक्यातल्या त्याच्या वस्तीवरची चार घरं दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन कृष्णाकाठच्या मुलखात उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची. कळप रोज दोन-चार कोस चालायचा. त्याच्या आधी एक माणूस उजाडता उजाडता पुढे निघायचा आणि आजचा तळ कुठे पडणार ते ठरवायचा. तो माणूस बिराप्पा. बाकीच्यांनी मागून यायचं, भाकरी खायची आणि जागा वाईट निघाली तर त्याला शिव्या घालायच्या, अशी कामाची वाटणी होती.

जागा पाहायची त्याची रीत त्याच्या बापाची होती. आधी शेताच्या मालकाशी बोलायचं. मोकळ्या रानात मेंढरं बसली की लेंड्यांचं खत फुकटात पडतं आणि मालक त्याबदली जोंधळं-गहू देतो, त्यामुळे बोलणं सहसा गोडीतच व्हायचं. मग बांधावरून एक फेरी मारायची, काटा बघायचा, गावची कुत्री किती आणि कशी आहेत ते बघायचं. सगळ्यात शेवटी सोबत आणलेली एक मेंढी सोडायची. तिला तिथलंच चारायचं, तिथलंच पाणी पाजायचं आणि आपण बांधावर बसायचं.

मेंढी चरली आणि प्याली, एवढ्यावर काहीच ठरत नाही. भुकेलं जनावर काहीही खातं. ती खाली बसली, तरी अर्धंच ठरतं, कारण दमलेलं जनावर कुठेही बसतं. बसल्यावर तिने रवंथ सुरू केला, जबडा आडवा हलायला लागला, डोळे निम्मे मिटले, की मग जागा चांगली. आतलं सगळं ठीक असल्याशिवाय मेंढी रवंथ करत नाही, हे बिराप्पाला बापाने सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने. या सगळ्याला कधी अर्धा तास लागायचा, कधी दोन तास. तेवढा वेळ घाई न करणं, हीच काय ती बिराप्पाची विद्या. तंबाखू मळता येणारा कोणीही हे काम करेल, असं भाऊबंद म्हणायचे. म्हणायचे सगळे, पुढे कोणी झालं नाही.

आता बिराप्पा सत्तरीचा आहे. गुडघे गेले, पुढे जाणं सुटलं. त्याचा पुतण्या जयराज मोटारसायकलवरून जाऊन जागा बघून येतो आणि बाकीचं फोनवर उरकतो. बायको रंगूबाई पाच वर्षांपूर्वी वारली. मुलगा कळपामागे असतो. बिराप्पा वस्तीवर राहतो, म्हाताऱ्या मेंढ्या सांभाळतो आणि नात सुट्टीला आली की तिच्या मागे मागे करतो, अर्थात ते कबूल करत नाही.

नात म्हणजे रेश्मा. सांगलीला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. वस्तीवर हा शब्द कोणाला धड येत नाही, पण अभिमान सगळ्यांना आहे. यंदाच्या जानेवारीत बातमी आली, की कुठल्याशा लांबच्या ताऱ्याभोवती फिरणारा एक नवा ग्रह सापडला आहे आणि त्याच्या हवेत पाण्याची वाफ असल्याच्या खुणा दिसताहेत. पेपर ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून मोकळे झाले. जतच्या चौकात चहाच्या टपरीवर दोघाजणांनी तिथे प्लॉट पाडायचीही तयारी दाखवली. आणि विज्ञान दिनाला, म्हणजे अठ्ठावीस फेब्रुवारीला, जतच्या एका हायस्कूलने रेश्माचं भाषण ठेवलं. विषय होता, नव्या ग्रहावर माणूस जगेल का.

ती दोन दिवस आधीच वस्तीवर आली. भाषण पाठ व्हायला समोर कोणीतरी ऐकणारं हवं होतं आणि आजोबाइतका रिकामा माणूस पंचक्रोशीत नव्हता. शेडच्या सावलीत ती उभी राहून बोलायची, तो पोत्यावर बसून ऐकायचा, मेंढ्या ऐकायच्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

तिने सांगितलं, तो ग्रह कोणी पाहिलेला नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो, तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. हवेतला प्रत्येक वायू त्या उजेडातला आपापला वाटा खाऊन टाकतो. काय खाल्लं गेलं ते पाहून हवेत काय आहे ते ओळखायचं. बिराप्पाला हे एका दमात समजलं. पुढे निघून गेलेल्या कळपाच्या लेंड्या बघून तो काय चरला ते त्याला कायमच सांगता येत असे, त्याला यात अवघड असं काही दिसेना.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. पाणी गोडं की खारं? माहीत नाही, रेश्मा म्हणाली. वाफ आहे म्हणजे खाली पाणी आहे का? तेही पक्कं नाही. पायाखाली जमीन तरी आहे का? कदाचित नुसतीच जाड हवा असेल, खाली खाली जात राहिलं तर माणूस चिरडून जाईल अशी. बरं, लांब किती? उजेडालाच तिथून इथवर यायला शंभरावर वर्षं लागतात. आपल्या यानाला लागतील तितकी वर्षं मोजायला वस्तीवर कोणी उरणार नाही.

बिराप्पाने तंबाखू मळायची थांबवली. "मंजी म्होरं गेलेला गडी ‘या’ म्हणून सांगावा धाडंल, तवा मागचं समदं मरून गेलेलं असत्याल," तो म्हणाला.

रेश्माला ते वाक्य इतकं आवडलं, की तिने लगेच वहीत लिहून घेतलं. मग ती म्हणाली, आता शेवटचा भाग ऐक, हा तुझाच आहे. आणि तिने भुरीची गोष्ट वाचली.

ही गोष्ट वस्तीवरच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. चाळीस वर्षांपूर्वी कळप वाळव्याकडे उतरला होता. बिराप्पा भुरी नावाच्या मेंढीला घेऊन पुढे गेला. बाळासो नावाच्या शेतकऱ्याच्या रानात भुरी चरली, पाणी प्याली, बसली, तिने रवंथ केला. बिराप्पाने डोळ्यांनी बघितलं, मग कळप बोलावला. तेवढ्या वेळात बाळासोने पाण्यात विष कालवलं आणि त्रेसष्ट मेंढ्या मेल्या. तेव्हापासून जतकडचा कुठलाही कळप त्या रानात बसत नाही. लहानपणी रेश्मा जेवायला कुरकुर करायची, तेव्हा तिलाही बाळासोच्या नावाने भीती घातली जायची.

रेश्माने त्यावरून आपला मुद्दा काढला होता. खूण खरी असली तरी घात होतो. भुरीने खरंच रवंथ केला होता, माझ्या आजोबांच्या पाहण्यात चूक नव्हती, तरी मेंढ्या मेल्या. तशी त्या ग्रहावरची वाफ खरी असेलही, म्हणून तिथे माणूस जगेलच असं नाही.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

बिराप्पा चांगलं झालंय म्हणाला आणि मेंढ्यांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठला. पाणी सकाळीच दाखवून झालं होतं.

त्या दिवशी काय झालं ते त्याला जसंच्या तसं आठवत होतं. रंगूबाईला आठवा महिना होता, रेश्माचा बाप पोटात. नऊ दिवस चाल झाली होती आणि तिच्या पायांना सूज येऊन जोडवी बोटांत रुतत होती. आदल्या दोन जागा बिराप्पाने नापास केल्या होत्या आणि त्याचा चुलतभाऊ सिदाप्पा सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलला होता. तिसऱ्या दिवशी बाळासोचं रान दिसलं. अंगापिंडाने भरलेला तरुण गडी, गोड बोलला, बसवा मेंढरं म्हणाला आणि कामाला निघून गेला. तोडणी झालेलं मोकळं रान, शेजारी उसाचा तोडणीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा आणि दोहोंच्या मधल्या चरात काठोकाठ निवळ पाणी. चर म्हणजे रानातलं जादा पाणी वाहून न्यायचा नाला. जतच्या माणसाने एवढं पाणी नुसतं बघितलं तरी त्याचा घसा ओला होतो. भुरी चरली, पोटभर प्याली आणि थोड्या वेळाने चरापाशी खाली बसली.

तिचा जबडा हलत नव्हता. बिराप्पाने ते बघितलं होतं. नाही असं नाही. पण मागे रस्त्यावर घोडीची घुंगरं ऐकू यायला लागली आणि तो उठून हाक मारायला गेला. परत येईपर्यंत तहानलेला कळप त्याच्या आधी पाण्यावर तुटून पडला होता. भुरी बसल्या जागी आडवी झाली होती आणि तिच्या तोंडाला फेस होता. घटकाभरात रानभर मेंढ्या पाय झाडायला लागल्या.

सिदाप्पाने त्याची गचांडी धरून विचारलं, तिनं रवंथ केला हुता का? बिराप्पा म्हणाला, व्हय.

बाकी सगळं त्या एका शब्दातून आपोआप आलं. भुरीने रवंथ केला म्हणजे तेव्हा पाणी चांगलं होतं, मग नंतर कोणीतरी काहीतरी कालवलं, मग कोणी, तर ज्याचं रान त्याने. बिराप्पाने बाळासोचं नावसुद्धा घेतलं नाही. ते घ्यायला इतर पुष्कळ होते. बाळासो संध्याकाळी आला आणि काठ्या बघून जागीच थांबला. शपथा घेत होता, कोणी ऐकलं नाही. सिदाप्पाची एकही मेंढी वाचली नाही. तो कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून लागला आणि पुन्हा मेंढरांत आला नाही.

दोन वर्षांनी तासगावकडे एका शेतकऱ्याची म्हैस तशीच फेस येऊन मेली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, उसाला युरिया घालून पाणी सोडलं होतं, ते जादा पाणी चरात साचलं, ते ती प्याली. बिराप्पा तिथे उभा होता. तेव्हा तरी त्याने तोंड उघडायला हवं होतं. त्याने घोडीचं खोगीर आवळलं आणि तो पुढे निघाला. भित्रेपणाला दुसरं नाव देऊन उपयोग नाही. रंगूबाईला मात्र कळलं असावं. त्यानंतर कुठल्याही तळावर तिने त्याला विचारलं नाही, की जागा कशी आहे. ती गपचूप येऊन मेंढीपुढे बसायची आणि स्वतः बघायची.

भाषण ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बिराप्पाने स्वतःची समजूत घातली. पोरीचा मुद्दा तर हाच होता ना, की नुसत्या खुणेवर जाऊ नका? मग तो बरोबरच आहे. भुरीने रवंथ केला काय, न केला काय, हायस्कूलच्या पोरांना काय फरक पडतो? चाळीस वर्षं जिरलेली गोष्ट आहे. बाळासो जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. दुपारपर्यंत त्याचं जवळजवळ पटतही आलं होतं.

चार वाजता रेश्मा वही घेऊन आली. ती एक तक्ता करत होती, एका बाजूला ग्रह, दुसऱ्या बाजूला भुरी. त्या वाफेची खूण दुर्बिणीला किती तास दिसली, हा आकडा तिच्याकडे होता. दुसऱ्या बाजूचा रकाना रिकामा होता.

"आज्जा, भुरी किती वेळ रवंथ करत हुती? अंदाजानं सांग."

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. केला का, एवढंच विचारलं होतं. अर्धा तास म्हटलं असतं तर पोरीने अर्धा तास लिहिला असता. बिराप्पाने तसं म्हणायला तोंडही उघडलं. पण पेन्सिल टेकवून वाट बघणाऱ्या त्या पोरीकडे बघून त्याला तो आकडा बनवता येईना.

"तिनं रवंथ केलाच न्हाई," तो म्हणाला.

रेश्माला आधी कळलंच नाही. "मग तू बघितलंस काय?"

"पाणी बघितलं." मग तो म्हणाला, "आमी जतची माणसं. पाणी दिसलं की म्होरं अजून काय बघायचं असतंय, ते आमच्या ध्यानातच येत न्हाई. तुझ्या आज्जीचं पाय सुजलं हुतं. जागा मिळायची, असं म्या सकाळीच ठरवून टाकलं हुतं. भुरी बसली. मला तेवढंच पायजे हुतं."

मग त्याने युरियाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, त्या एका ‘व्हय’चंही सांगितलं. रेश्मा ऐकत राहिली. तिचं भाषण तर कोसळलंच होतं, पण तिचा राग भाषणासाठी नव्हता. ज्या नावाने तिला भीती घातली जायची, तो माणूस नुसताच एक शेतकरी होता, उसाला खत-पाणी देऊन कामाला गेलेला. आणि त्याला विष घालणारा ठरवणारा तिच्यासमोर पोत्यावर बसला होता. तिला त्याच्याकडे बघवेना. रात्री ती जेवली, पण त्याच्याशी बोलली नाही.

सकाळी निघताना मात्र ती शेडपाशी थांबली. "मी हे सांगू का?"

"सांग," बिराप्पा म्हणाला. "माझं नाव घे. त्याचंबी घे. गावाचं नावबी सांग."

हॉलमध्ये तो पहिल्या रांगेत बसला होता, धुतलेला फेटा बांधून. रेश्माने ग्रह सांगितला, उजेड सांगितला, वाफ सांगितली, आणि मग आजोबाचं नाव घेऊन, बाळासोचं आणि त्याच्या गावाचं नाव घेऊन भुरीची खरी गोष्ट सांगितली. शेवटी एका गुरुजींनी विचारलं, ते सगळं ठीक, पण माणूस तिथे जगेल की नाही जगेल? रेश्मा म्हणाली, आज कोणालाच माहीत नाही. तिथे पाणी असेल, हवा असेल, तरी ते आपल्याला मानवेल का, हे बघायला अजून फार वेळ लागणार आहे. आणि दुर्बिणीपेक्षा तिला काळजी बघणाऱ्यांची वाटते, कारण आपल्या सगळ्यांनाच तो ग्रह राहण्याजोगा निघायला हवा आहे. ज्याला फार हवं असतं, त्याला बसलेली मेंढी रवंथ करताना दिसते.

पोरांची थोडी निराशा झाली. एका स्थानिक पेपरने दुसऱ्या दिवशी छापलं, की जतच्या कन्येच्या मते नव्या ग्रहावर माणूस जगणार नाही. असं ती कुठेही म्हणाली नव्हती.

भाषण कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते या गटातून त्या गटात फिरत फिरत चार दिवसांत कुपवाडला पोचलं. सिदाप्पाचा फोन आला. बरा हाय का, जेवला का, एवढंच त्याने विचारलं. मेंढरांचा विषय काढला नाही. बिराप्पाने सुरुवात केली, तेव्हा त्याने फोन ठेवून दिला. त्यानंतर आजवर त्याचा फोन नाही.

मार्चच्या मध्याला कळप वाळव्याच्या बाजूला होता. बिराप्पाने जयराजला सांगितलं, मला बाळासोच्या रानावर ने आणि कवडीला घे. कवडी ही वस्तीवरची एक मेंढी, भुरीच्या वंशातली नव्हे; भुरीचा वंश त्या रानातच संपला. छोट्या टेम्पोतून दोघांनी दोन-अडीच तासांचा प्रवास केला.

बाळासो जिवंत होता. पंचाहत्तरीचा, वाळून काटकी झालेला, विहिरीच्या कडेला खाटेवर बसलेला. ते भाषण त्याच्या नातवाने त्याला दाखवलं होतं. त्याने बिराप्पाला ओळखलं, पण बस म्हणाला नाही. बिराप्पा उभाच राहिला आणि जे सांगायला आला होता ते त्याने उभ्यानेच सांगितलं. मोठी माफी वगैरे त्याला जमली नाही. चुकलो एवढं म्हणाला आणि खाली बघत राहिला.

बाळासोने रस्त्याकडे बघितलं. दरवर्षी दिवाळीनंतर रस्त्याने कळप यायचे आणि त्याच्या बांधापाशी आले की वळून पलीकडून जायचे. शेजाऱ्यांच्या रानात मेंढरं बसायची, त्याच्या कधी नाही. ते तो चाळीस वर्षं या खाटेवरून बघत आला होता.

"इख म्या घातलं न्हवतं, ते मला ठाऊक हुतं," तो अखेर म्हणाला. "पर तुमची मेंढी रवंथ करून बसली हुती, म्हनत हुती सगळी. मंजी युरियाचं पानी मागनं उतरलं आसंल. जाताना सांगायला पायजे हुतं, पाजू नका म्हनून. म्या इसरलो, म्हनून मेली, आसंच मला वाटत ऱ्हायलं. चाळीस वर्सं."

 

मग बाळासो खाटेवरून उठला. पायात चपला घालून रानाकडे चालायला लागला आणि मागे न बघता म्हणाला, "मेंढी आनली हाईस न्हवं? सोड तिला."

रान मोकळं होतं. तोडलेल्या उसाचा पाला अजून हिरवा होता. विहिरीचं पाणी बाळासोने स्वतः घमेल्यात भरून आणून ठेवलं. कवडी चरली, पाणी प्याली. दोघे म्हातारे बांधावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. तोवर जवळच्या तळावरून जयराजने रस्त्यावर कळप आणून उभा केला होता आणि तिकडून मेंढरांची ओरड ऐकू येत होती. बिराप्पाच्या खिशातला फोन दोनदा वाजला. ऊन चढलं होतं.

बऱ्याच वेळाने कवडीने पुढचे गुडघे मोडले आणि ती खाली बसली.

"बसली," बाळासो म्हणाला. "बोलीव आता तुजी मेंढरं."

फोन तिसऱ्यांदा वाजला. बिराप्पाने तो काढून बंद केला आणि परत खिशात ठेवला.

"बसली," तो म्हणाला. "पर रवंथ न्हाई अजून."

बाळासोने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग तोही मेंढीकडे तोंड करून बसला.